समाईक आयडी नसताना तीन स्रोतांतल्या नोंदी जुळवायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच माणसांच्या नोंदी तीन ठिकाणी आहेत: एका डेटाबेसमध्ये १० लाख, दुसऱ्यात ५० लाख, आणि तिसरा स्रोत म्हणजे एक्सेल फायलींचा गठ्ठा. तिन्हीत समाईक असा आयडी नाही. नाव, आडनाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि फोन एवढंच हाताशी आहे. नाव आणि पत्ता एकाला एक जोडून त्यावर फझी मॅचिंग (तंतोतंत नाही, पण जवळपास सारखा मजकूर शोधणं) चालवलं, ८५ टक्क्यांच्या वर साम्य निघालं की जोडी पक्की धरली. तरी भलतीच माणसं एक झाली आणि खऱ्या जोड्या ढिगाने सुटल्या. मग थ्रेशोल्ड नेमका किती ठेवायचा?

कितीही ठेवा, हा गुंता त्याने सुटणार नाही. ८५ चे ९२ केलेत तर चुकीच्या जोड्या कमी होतील आणि सुटलेल्या वाढतील. ७८ केलेत तर उलट होईल. अडचण आकड्यात नाही, तुम्ही जे मोजताय त्यात आहे. तुम्ही अक्षरांचं साम्य मोजताय, आणि तुम्हाला हवाय तो पुरावा.

एक छोटं गणित करून बघा. नावांसाठी जॅरो-विंकलर हे माप सर्रास वापरलं जातं; शून्य ते एक असा स्कोअर देतं, आणि सुरुवातीची चारपर्यंत अक्षरं जुळली तर थोडं झुकतं माप देतं. देवनागरीत हे माप युनिकोडचे कोड मोजतं, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येकी एक अक्षर. 'सुनील' आणि 'सुनिल' यांचा स्कोअर येतो ०.९०७. 'सुनील' आणि 'सुनीता' यांचा येतो ०.८९३. पहिली जोडी एकाच माणसाची असण्याची शक्यता भरपूर, दुसरी बहुधा बहीण-भावाची, आणि दोन्हींत फरक फक्त ०.०१४ चा. त्यात दोघांचा पत्ता एकच असला की तुमच्या जोडलेल्या लांबलचक स्ट्रिंगमध्ये (सलग मजकुरात) पत्त्याची पन्नास अक्षरं तंतोतंत जुळतात आणि नावातला फरक त्यात बुडून जातो. उलट 'फ्लॅट १२' आणि 'फ्लॅट २१' ही दोन वेगळी घरं, पण अक्षरांच्या हिशेबात जवळपास सारखी.

म्हणून पहिलं काम: सगळं एका स्ट्रिंगमध्ये कोंबणं बंद करा. प्रत्येक फील्ड स्वतंत्र तपासा आणि प्रत्येकाच्या जुळण्याला त्याच्या वकुबाप्रमाणे वजन द्या. वजन कसं ठरवायचं याचं शास्त्र जुनं आहे. 'रेकॉर्ड लिंकेज' हा शब्द हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये रूढ केला, १९५९ मध्ये न्यूकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्म-विवाहाच्या नोंदी संगणकावर जुळवून दाखवल्या, आणि १९६९ मध्ये फेलेगी आणि सुंटर यांनी त्या पद्धतीला गणिती पाया दिला. आजची बरीचशी साधनं याच पायावर उभी आहेत.

त्यात प्रत्येक फील्डसाठी दोन आकडे लागतात. 'एम' म्हणजे दोन नोंदी खरोखर एकाच माणसाच्या असताना ते फील्ड जुळण्याची शक्यता. ती शंभर टक्के नसते, कारण टायपिंगच्या चुका होतात, आडनावं बदलतात. 'यू' म्हणजे नोंदी वेगवेगळ्या माणसांच्या असूनही ते फील्ड योगायोगाने जुळण्याची शक्यता. फील्ड जुळलं की एम भागिले यू, आणि त्याचा २ पायाचा लॉगरिदम हे त्याचं वजन. जुळलं नाही की (१ − एम) भागिले (१ − यू), त्याचा लॉगरिदम. हा बहुतेक वेळा उणे येतो. सगळ्या फील्डांची वजनं बेरीज करायची. बस्स.

आता तुमच्या आकारमानाला हे लावून पाहू. १० लाख गुणिले ५० लाख म्हणजे ५ लाख कोटी संभाव्य जोड्या. त्यांतल्या खऱ्या जोड्या समजा ८ लाख. म्हणजे डोळे मिटून उचललेली जोडी खरी असण्याची शक्यता सुमारे साठ लाखांत एक. लॉगरिदमच्या भाषेत तुम्ही उणे २२.६ वरून सुरुवात करताय. हा खड्डा किती खोल आहे याची कल्पना नसल्यामुळेच 'नाव आणि आडनाव तंतोतंत जुळलं, अजून काय हवं' असं वाटत राहतं.

उदाहरणादाखल आकडे घेऊ; तुमच्या डेटात ते वेगळे निघतील. पहिलं नाव: एम ०.९, यू ०.००५, वजन ७.५. आडनाव: एम ०.९२, यू ०.०१, वजन ६.५. लिंग: एम ०.९८, यू ०.५, वजन जेमतेम १. या तिन्हींची बेरीज १५. उणे २२.६ मध्ये मिळवली की उणे ७.६, म्हणजे जोडी खरी असण्याची शक्यता दोनशेत एकाहून किंचित जास्त. नाव, आडनाव, लिंग तंतोतंत जुळूनही! आता जन्मतारीख जुळली असं धरा. योगायोगाने पूर्ण तारीख जुळण्याची शक्यता सत्तर वर्षांच्या पसाऱ्यात साधारण पंचवीस हजारांत एक, म्हणून वजन १४.५. एकूण २९.५, खड्डा वजा जाता ६.९, आणि शक्यता ९९ टक्क्यांच्या थोडी वर. एका फील्डने जोडीचं पारडं फिरवलं, आणि यात अक्षरांच्या साम्याचा प्रश्नच आला नाही.

इथून पुढे चार गोष्टी बिघडतात. त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली, रिकामं फील्ड. फोन नसणं म्हणजे फोन न जुळणं नव्हे. दोन्हींपैकी एक जरी रिकामं असेल तरी वजन शून्य धरा. बऱ्याच तयार स्क्रिप्टांमध्ये रिकामं विरुद्ध भरलेलं याला शून्य साम्य मिळतं आणि जोडी नाहक खाली जाते. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही रिकामी असली की शंभर टक्के साम्य.

दुसरी, भरतीच्या किमती, म्हणजे माहिती नसताना फील्डमध्ये नुसती जागा भरायला टाकलेला मजकूर. जन्मतारीख माहीत नसली की ऑपरेटर १ जानेवारी टाकतो, फोन विचारलाच नाही तर दहा वेळा ९. प्रत्येक फील्डमध्ये सर्वाधिक वेळा आलेल्या वरच्या शंभर किमती काढा आणि डोळ्यांनी वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात. जे निव्वळ भरतीचं आहे ते रिकामं करा. १ जानेवारीच्या बाबतीत फक्त साल राखा, दिवस-महिना रिकामा करा. खरोखर १ जानेवारीला जन्मलेल्यांचं थोडं नुकसान होईल, ते परवडतं.

तिसरी, सर्रास आणि दुर्मीळ किमती. वरचा ०.००५ हा सरासरी आकडा होता. शंभरांत दोघांचं असलेलं नाव जुळलं तर वजन ५.५, आणि दहा हजारांत एकाचंच असलेलं नाव जुळलं तर १३.१. एवढा फरक सरासरीखाली दडवणं चुकीचं आहे. प्रत्येक किमतीची वारंवारता घेऊन यू त्याप्रमाणे बदला. यालाच टर्म फ्रीक्वेन्सी अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात आणि नाव-आडनावांसाठी ती चालू ठेवल्याशिवाय निकालावर भरवसा ठेवू नये.

चौथी, आणि सगळ्यांत जास्त फसवणारी, फील्डांमधलं आपापसांतलं नातं. बेरीज करण्यामागे गृहीतक असं आहे की एका फील्डचं जुळणं दुसऱ्याशी संबंधित नाही. पहिलं नाव जुळलं की लिंग जवळजवळ आपोआपच जुळतं, म्हणजे लिंगाचा एक गुण फुकटचा; ते फारसं मनावर घेऊ नका. जुळी भावंडं मात्र घ्या. आडनाव ६.५, जन्मतारीख १४.५, लिंग १. पहिलं नाव वेगळं म्हणून उणे ३.३. बेरीज १८.७, खड्डा वजा जाता उणे ३.९. इथपर्यंत ठीक. आता घरचा एकच फोन दोघांच्या नोंदीत आहे, आणि फोनला तुम्ही एम ०.७, यू दहा लाखांत एक असं धरलंय, म्हणजे वजन १९.४. एकूण अधिक १५.५. मॉडेल म्हणतं, ही एकच व्यक्ती असण्याची बाजू ४६,००० ला एक. पत्ता अजून मोजलाच नाही. फोन आणि पत्ता हे घराचे पुरावे आहेत, माणसाचे नव्हेत, आणि मॉडेलला ते आपणहून कळत नाही. उपाय दोन: एकापेक्षा जास्त पहिल्या नावांशी जोडलेल्या फोनचं वजन उतरवा, आणि मॉडेलच्या वर एक साधा नियम ठेवा, की दोन्हीकडे पहिलं नाव भरलेलं आहे, ते स्पष्टपणे वेगळं आहे आणि टोपणनावांच्या यादीतही बसत नाही, तर ती जोडी आपोआप पक्की होणार नाही. बाप-लेकांचं उलट: फोन, पत्ता, आडनाव जुळतं, जन्मसालात पंचवीस-तीस वर्षांचं अंतर. तिथे तारीख स्वतःच वाचवते, पण ती भरलेली असली तर.

फील्डला 'जुळलं किंवा नाही' एवढ्या दोनच पायऱ्या ठेवू नका. नावाला चार पायऱ्या पुरतात: तंतोतंत, उच्चाराने सारखं, जॅरो-विंकलर ०.९२ च्या वर, बाकी सगळं. तारखेला पाच: तंतोतंत, दिवस-महिना उलटापालट, एक अंक वेगळा, फक्त साल सारखं, वेगळी. प्रत्येक पायरीला स्वतःचे एम आणि यू. उलटापालट झालेली तारीख योगायोगाने समोर येणं फार दुर्मीळ असतं, त्यामुळे खऱ्या जोड्यांपैकी शंभरांत एकीची तारीख जरी उलटलेली असली तरी त्या पायरीचं वजन नऊच्या वर निघतं. सरळ 'जुळली नाही' म्हणून चार गुण कापण्याऐवजी नऊ मिळाले: तेराहून जास्त गुणांचा फरक, फक्त पायरी वेगळी केल्यामुळे.

तारखांचा विषय निघालाच आहे तर एक्सेलच्या गठ्ठ्याकडे वळू, कारण बहुतेक घाण तिथून येणार आहे. दिवस-महिना-वर्ष आणि महिना-दिवस-वर्ष या दोन पद्धतींची गल्लत झाली तर बाराच्या पुढचे दिवस मजकूर म्हणून पडून राहतात, ते दिसतात तरी. पण वर्षातल्या १३२ तारखा गुपचूप दुसऱ्या वैध तारखा होतात. कुठलीही एरर येत नाही. तपासायची खूण सोपी: त्या फायलीतल्या जन्मतारखांमध्ये 'दिवस' कुठल्या आकड्यापर्यंत जातो आणि १ ते १२ मध्ये गर्दी जास्त आहे का ते पाहा. दुसरी खूण: जोडी सगळीकडे जुळते पण तारखांत नेमकं १४६२ दिवसांचं अंतर आहे, तर ती फाईल १९०४ च्या तारीख-पद्धतीतली आहे, एक्सेलमध्ये १९०० आणि १९०४ अशा दोन पद्धती आहेत आणि त्यांच्यात एवढंच अंतर पडतं. तिसरं, एक्सेल आकड्यांचे १५ च अंक धरून ठेवतं. सोळा अंकी क्रमांक आकडा म्हणून उघडला गेला असेल तर शेवटचा अंक शून्य झालेला असतो आणि तो परत मिळत नाही. मूळ फाईल मागवावी लागते. सुरुवातीची शून्यं गेलेली असतील तर ती मात्र लांबी माहीत असल्यास परत लावता येतात. अशा फायली वाचताना प्रत्येक कॉलम मजकूर म्हणूनच आत घ्या, प्रकार नंतर ठरवा.

देवनागरी मजकुराला वेगळी धुलाई लागते. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एक करणारा प्रमाण नियम) आधी लावाच, पण त्याने सगळं भागत नाही. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणूनही लिहिलेलं असतं आणि 'अ' वर चंद्र देऊनही. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. तसंच 'ऱ्य'. कुणी नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) र ने लिहितं, कुणी र, हलन्त आणि मध्ये झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडणारं अक्षर घालून. अदृश्य जोडणारी आणि तोडणारी अक्षरं, शेवटची आणि दुहेरी स्पेस, वेबवरून कॉपी केल्यामुळे आलेली न तुटणारी स्पेस, रोमन आणि देवनागरी अंकांची सरमिसळ, हे सगळं एका ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये निपटा आणि तेच फंक्शन तिन्ही स्रोतांना लावा. दोन स्रोतांना दोन वेगळी क्लीनिंग स्क्रिप्ट असली की तुम्ही स्वतःच नवे फरक तयार करता.

मग उच्चाराची किल्ली, म्हणजे सारख्या उच्चाराच्या नावांना एकच रूप देणारा कोड. साउंडेक्स ही पद्धत १९१८ च्या पेटंटची, इंग्रजी नावांसाठी बेतलेली. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते, त्यामुळे पहिल्याच अक्षरात फरक असलेली नावं कधीच भेटत नाहीत. देवनागरीसाठी स्वतःची किल्ली दहा ओळींत होते: ऱ्हस्व-दीर्घ एक करा, न-ण, ल-ळ, श-ष एक करा, नुक्ता काढा, अनुस्वार आणि त्याच्या जागचं अनुनासिक व्यंजन यांना एकच खूण द्या. मघाचे सुनील-सुनिल आता तंतोतंत जुळतात आणि सुनीता होती तिथेच, ०.८९३ वर राहते. ही किल्ली वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, मूळ नावावर लिहू नका. एक स्रोत रोमन लिपीत असेल तर लिप्यंतराचे नियम लिहीत बसण्यापेक्षा एक युक्ती चांगली: ज्या नोंदींचा फोन आणि जन्मतारीख दोन्ही जुळतात त्यांची नावं शेजारी-शेजारी काढा. नावांच्या रूपांचा तक्ता तुमच्याच डेटातून तयार होतो, त्यात टोपणनावंही आपोआप येतात. फक्त चार-पाच वेळा तरी आलेलीच रूपं घ्या, नाहीतर भावंडांची नावं एकमेकांची रूपं म्हणून शिरतील.

५ लाख कोटी जोड्या कुणी तपासत नाही. सेकंदाला दहा लाख तुलना केल्या तरी ५८ दिवस लागतील. म्हणून ब्लॉकिंग: एखादी किल्ली जुळणाऱ्याच नोंदी समोरासमोर आणायच्या. एकच नियम कधीच पुरत नाही, कारण ज्या फील्डवर ब्लॉक केलंत त्यात चूक असलेली जोडी कायमची गेली. चार नियमांपासून सुरुवात करा: पूर्ण जन्मतारीख आणि आडनावाचं पहिलं अक्षर, फोन, आडनावाची उच्चार-किल्ली आणि जन्मसाल, पोस्टल कोड आणि पहिल्या नावाची किल्ली. कुठल्याही नियमात सापडली तर जोडी तपासायला घ्यायची. पथ्य एकच, की कुठलंही एक फील्ड सगळ्या नियमांत असता कामा नये.

नियम चालवण्याआधी त्यातून किती जोड्या निघतील ते मोजा. किल्लीनुसार ग्रुप करून दोन्हीकडच्या संख्यांचा गुणाकार आणि त्याची बेरीज, मिनिटभराची क्वेरी आहे. ही क्वेरी न करता थेट जॉइन (दोन तक्ते किल्लीवर जोडणं) चालवणं हे सर्व्हर कोलमडण्याचं नेहमीचं कारण. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत नल (काहीच न भरलेली जागा) नलशी जुळत नाही, पण रिकामी स्ट्रिंग रिकाम्या स्ट्रिंगशी बिनदिक्कत जुळते. एका बाजूला २०,००० आणि दुसऱ्या बाजूला २ लाख नोंदींचा फोन रिकामी स्ट्रिंग असेल तर त्या एका 'ब्लॉक'मधून ४०० कोटी जोड्या बाहेर पडतात. एखादी किल्ली पाचशेहून जास्त नोंदींत येत असेल तर त्या किमतीपुरता तो नियम बंद करा. नोंदी टाकून देऊ नका. त्या दुसऱ्या नियमातून येतील.

ब्लॉकिंगमध्ये काय निसटलं हे कसं कळणार? पक्क्या जोड्यांपैकी किती जोड्या एकाच नियमात सापडल्या ते पाहा. चौथ्या नियमाने असंख्य अशा जोड्या आणल्या ज्या आधीच्या तिघांना दिसल्याच नव्हत्या, तर पाचव्याची गरज आहे. जवळजवळ सगळ्या जोड्या दोन-तीन नियमांत येत असतील तर थांबा.

एम आणि यू अंदाजाने लिहू नका. यू काढणं सोपं आहे: दोन्ही फायलींतून यादृच्छिक पन्नास लाख जोड्या घ्या. त्यांत खरी जोडी जवळपास नसतेच, म्हणून प्रत्येक फील्ड किती वेळा जुळलं तोच यू. एम काढायला एक्स्पेक्टेशन-मॅक्सिमायझेशन (अंदाज धरून तो फेरीगणिक सुधारत नेणारी पद्धत) वापरतात, आणि ते एखाद्या ब्लॉकच्या आत चालवावं लागतं. ज्या फील्डवर ब्लॉक केलं ते तिथे नेहमीच जुळलेलं असतं, तेव्हा त्याचा एम तिथून काढता येत नाही. दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा चालवून तो काढा. मग आकडे वाचा. लिंगाचा एम ०.६ आला तर एका स्रोतातल्या बऱ्याच नोंदींत कोड उलटे आहेत किंवा ब्लॉक निव्वळ कचऱ्याचा आहे. जन्मतारखेचा एम ०.७ आला तर बहुधा तारीख वाचण्यातच घोळ आहे. मागे जाऊन वरची १३२ तारखांची तपासणी करा. हे सगळं हाताने लिहिण्याची गरज नाही. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाच्या विश्लेषकांनी बनवलेलं स्प्लिंक हे मुक्त साधन नेमकी हीच पद्धत डकडीबी किंवा स्पार्क या डेटा-इंजिनांवर चालवतं, आणि एका बऱ्यापैकी मशीनवर तुमचं आकारमान झेपतं. लेबल लावलेली उदाहरणं देऊन शिकवायचं असेल तर पायथनमधलं डीड्यूप आहे.

भाषेच्या मोठ्या मॉडेलांबद्दलही विचारलं जाईलच. एम्बेडिंग, म्हणजे मजकुराचं मॉडेलने केलेलं आकड्यांतलं रूप, अर्थाची जवळीक सांगतं, ओळख नव्हे. एका अंकाचा फरक असलेले वस्तूंचे दोन मॉडेल नंबर त्याला जवळजवळ एकच वाटतात. विस्कळीत पत्त्याचे भाग पाडायला किंवा करड्या पट्ट्यातल्या (ना पक्क्या, ना बाद अशा) जोड्यांवर दुसरं मत घ्यायला वापरा. कोट्यवधी जोड्यांवर चालवू नका.

आता सगळ्यात कमी लक्ष दिला जाणारा टप्पा. जोड्या मिळाल्या म्हणजे माणसं मिळाली नाहीत. अ-ब जुळले, ब-क जुळले, म्हणून अ-क एकच असं साखळीने धरलं की एक कमकुवत नोंद दोन माणसांना सांधते. ही 'पूल' नोंद जवळपास नेहमी अर्धवट असते: फक्त पहिलं नाव आणि एक सामायिक फोन, जन्मतारीख नाही. ती दोघांशीही बऱ्यापैकी जुळते, कारण तिच्यात विरोधात जाणारं काहीच नाही. नियम करा की जन्मतारीख किंवा पूर्ण नाव नसलेली नोंद एखाद्या गटाला येऊन चिकटू शकते, पण दोन गटांमध्ये पूल होऊ शकत नाही. अशा गटांच्या, म्हणजे क्लस्टरच्या, आकारांचा तक्ता दर वेळी काढा. तीन स्रोत प्रत्येकी आतून स्वच्छ असतील तर तीनपेक्षा मोठा क्लस्टर असूच नये. स्रोत क्वचितच स्वच्छ असतात, म्हणून आधी प्रत्येकातल्या आतल्या दुबार नोंदी काढा. तरीही वीस-पंचवीस नोंदींचा गठ्ठा निघाला तर तो उघडून वाचा. त्यात एक तर भरतीची किंमत सापडेल, नाहीतर एखाद्या कार्यालयाचा फोन.

थ्रेशोल्ड एक नको, दोन हवेत: वरच्याच्या पुढे आपोआप पक्की, खालच्याच्या मागे आपोआप बाद, मधलं माणसाने बघायचं. फेलेगी-सुंटर यांच्या मूळ मांडणीतही हे तीन पट्टे आहेत. दोन रेषांमधलं अंतर शास्त्र ठरवत नाही, तुमच्याकडे दिवसाला किती जोड्या तपासायची माणसं आहेत ते ठरवतं. भलत्या दोघांना एक करणं महाग पडत असेल, उदाहरणार्थ वैद्यकीय नोंदींत, तर वरची रेषा खूप वर न्या. नुसती पत्रं दुबार जाऊ नयेत एवढंच हवं असेल तर खाली आणली तरी चालेल.

तपासणीचा नमुना सरसकट यादृच्छिक घेऊ नका; सगळ्या जोड्या उघड खऱ्या किंवा उघड खोट्या निघतील. स्कोअरचे पट्टे पाडा, प्रत्येकातून ५० ते १०० जोड्या घ्या, रेषांच्या आसपास जास्त. तपासणाऱ्याला मूळ, न धुतलेल्या किमती दाखवा आणि स्कोअर लपवा. स्कोअर दिसला की मत तिकडे झुकतं. दोघांनी स्वतंत्र तपासाव्यात, आणि ज्यांवर दोघांचं पटत नाही त्या जोड्या बाजूला काढा. माणसांचं आपसांत जेवढं पटतं, मॉडेलकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. वरच्या पट्ट्यातल्या ३०० जोड्यांत एकही चूक सापडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे. ८ लाखांवर १ टक्का म्हणजे ८,००० माणसं. अहवालात 'चूक नाही' असं लिहिण्याआधी हा गुणाकार करा. शिवाय जोड्यांवरची अचूकता मोठ्या क्लस्टरकडे झुकलेली असते, कारण दहा नोंदींच्या एका क्लस्टरमध्ये ४५ जोड्या असतात. क्लस्टर एकक धरूनही एकदा मोजा.

साठवण. मूळ नोंदींना हात लावू नका, त्या पुसू नका, एकमेकींवर लिहू नका. एक वेगळा जोड-तक्ता ठेवा: स्रोत, स्रोतातला आयडी, तुमचा एंटिटी आयडी (जुळलेल्या एका माणसाला तुम्ही दिलेला क्रमांक), स्कोअर, कोणत्या नियमाने जुळलं, कधीपासून कधीपर्यंत. एंटिटी आयडी अर्थहीन असू द्या. नाव किंवा जन्मतारखेवरून बनवलेला आयडी ती दुरुस्त झाली की मोडतो. एकत्रित नोंद बनवताना पत्ता अख्खा एकाच नोंदीतून घ्या. घर क्रमांक एकीतून आणि पोस्टल कोड दुसरीतून घेतला की जिथे कुणीच राहत नाही असा पत्ता तयार होतो.

माणसांनी दिलेले निर्णय, म्हणजे 'हे दोघे एकच' आणि 'हे दोघे वेगळे', स्वतंत्र तक्त्यात टिकवा आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ते मॉडेलच्या वर लागू करा, नाहीतर दर महिन्याला तीच जुळी भावंडं पुन्हा एक होतील आणि तोच माणूस ती पुन्हा वेगळी करत बसेल. नवी नोंद आल्यावर दोन जुने क्लस्टर जोडले जात असतील तर ते आपोआप होऊ देऊ नका. ती जोडी करड्या पट्ट्यात पाठवा. आणि क्लस्टर फोडायची वेळ आली तर जास्त नोंदी असलेला भाग जुना आयडी राखतो, उरलेल्याला नवा मिळतो, आणि जुना आयडी घेऊन बसलेल्या प्रत्येक सिस्टीमला तो बदल तारखेसह कळवावा लागतो. हा कळवण्याचा मार्ग पहिल्या फेरीआधीच बांधून ठेवा. दहा सिस्टीममध्ये आयडी पसरल्यावर तो बांधणं फार जड जातं.